अरुणा शानबाग प्रकरण: लिव्हिंग विल कशासाठी

लिव्हिंग विल म्हणजे काय, हे व्याख्येने सांगता येते. सज्ञान आणि विचार करण्याची क्षमता शाबूत असलेल्या माणसाने, पुढे कधी स्वतः बोलता येईनासे झाले तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवलेले पत्र म्हणजे लिव्हिंग विल. मराठीत त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणता येईल. मात्र व्याख्येवरून या कागदाची गरज नीटशी कळत नाही. ती कळण्यासाठी असा कागद नसताना काय झाले हे पाहावे लागते. त्या दृष्टीने मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा रामचंद्र शानबाग यांच्या प्रकरणाइतके बोलके प्रकरण आपल्याकडे दुसरे नाही. हे प्रकरण दयामरणाचे म्हणून ओळखले जाते. माझ्या मते त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वेगळा आहे: ज्या व्यक्तीच्या देहाबद्दल निर्णय घ्यायचा आहे, तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा?

कर्नाटकातील हळदीपूर हे अरुणा शानबाग यांचे गाव. परळच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या आणि तेथीलच एका डॉक्टरांशी त्यांचा विवाह ठरलेला होता. 27 नोव्हेंबर 1973 च्या संध्याकाळी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याला बांधण्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. गळा आवळल्यामुळे मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या तेव्हा मेंदूची जी हानी व्हायची ती होऊन गेली होती. हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी या गुन्ह्यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. त्या वेळी पंचवीस वर्षांच्या असलेल्या अरुणा शानबाग यांचे पुढचे सगळे आयुष्य त्याच रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक 4 ला लागून असलेल्या खोलीत गेले. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन झाले. मधला काळ एकेचाळीस वर्षांहून अधिक आहे.

या काळात त्यांची शुश्रूषा केईएमच्या परिचारिकांनी केली. महापालिकेने त्यांना तेथून हलवण्याचा विचार केला, तेव्हा या परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीवर, कमरेवर जखमा होतात, हे घरात असा रुग्ण असलेल्या प्रत्येकाला माहीत असते. अरुणा शानबाग यांना सदतीस वर्षांत अशी एकही जखम झाली नव्हती, याची न्यायालयाने आवर्जून नोंद घेतली. रुग्णाला काही तासांनी कूस बदलून देणे, पुसून कोरडे करणे, चादरीची सुरकुती काढणे ही कामे एकाही पाळीत चुकली नाहीत, तरच असे घडते. प्रकरणाचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये, कारण येथे कोणी हेळसांड करणारे नव्हते.

पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा शानबाग यांच्या वतीने, त्यांच्या ‘वादमित्र’ या नात्याने, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. स्वतः न्यायालयात येऊ न शकणाऱ्या व्यक्तीसाठी जो उभा राहतो, त्याला कायद्याच्या भाषेत वादमित्र म्हणतात. अरुणा यांना अन्न भरवणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे मृत्यू येऊ द्यावा, अशी विराणी यांची विनंती होती. हाडे ठिसूळ झालेली, मनगटे आत वळलेली, दात किडलेले, केवळ घोटलेल्या अन्नावर जिवंत ठेवलेले शरीर, ज्याला कशाचीही जाणीव उरलेली नाही, असे वर्णन त्या अर्जात होते.

रुग्णालयाने न्यायालयापुढे मांडलेले चित्र निराळे होते. अरुणा अन्न घेतात, चेहऱ्यावरील हावभावांनी प्रतिसाद देतात, मलमूत्रविसर्जनाची वेळ झाली की आवाज करतात आणि तो आवाज परिचारिकांना ओळखू येतो, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. दोन्ही वर्णने एकाच व्यक्तीची, एकाच काळातली. अर्जात ज्या आवाजाला काहीच अर्थ नव्हता, तोच आवाज परिचारिकांच्या कानाला बोलण्याजवळ जाणारा वाटत होता. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या समितीने प्रत्यक्ष तपासणी केली. अरुणा यांचा मेंदू मृत झालेला नाही, त्या कोमातही नाहीत, परंतु ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ची, म्हणजे डोळे उघडे असूनही भोवतालची जाणीव नसलेल्या स्थायी अवस्थेची, बहुतेक लक्षणे त्यांच्यात दिसतात, असा या समितीच्या अहवालाचा आशय होता.

7 मार्च 2011 रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. विराणी यांची कळकळ न्यायालयाने मान्य केली, पण वादमित्र म्हणून त्यांना स्वीकारले नाही. ज्यांनी अनेक दशके रात्रंदिवस सेवा केली, ते केईएमचे कर्मचारीच अरुणा यांचे खरे वादमित्र होत, आणि त्यांना अरुणा जिवंत राहाव्यात असे वाटते, म्हणून अर्ज फेटाळण्यात आला. त्याच निकालाने एक दारही उघडून ठेवले. विषारी इंजेक्शन देऊन जीवन संपवणे बेकायदाच राहील. मात्र जगवून ठेवणारे उपचार थांबवण्याची परवानगी उच्च न्यायालयाकडे मागता येईल, आणि केईएमच्या कर्मचाऱ्यांचे मत पुढे बदलले तर त्यांनाही मुंबई उच्च न्यायालयात जाता येईल, असे न्यायालयाने सांगितले. निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला, भारतात सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती अशी, एक अर्ज फेटाळताना.

प्रकरणात नसलेली साक्ष

हा निकाल मी जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा एकच गोष्ट टोचते. त्यात विराणी यांचे म्हणणे आहे, रुग्णालयाचे आहे, परिचारिकांचे आहे, डॉक्टरांच्या समितीचे आहे, न्यायालयाला मदत करण्यासाठी नेमलेल्या वकिलांचे म्हणजे न्यायमित्रांचे आहे, केंद्र सरकारचे सर्वोच्च वकील असलेल्या महान्यायवादींचे आहे, परदेशातील न्यायालयांच्या निकालांचे उतारे आहेत. अरुणा शानबाग यांचे म्हणणे मात्र कोठेही नाही. कसे असणार? त्या बोलू शकत नव्हत्या, आणि बोलता येत होते तेव्हा या विषयावर त्यांनी काही लिहून ठेवलेले नव्हते. न्यायालयासमोर जे दोन पक्ष उभे होते, त्या दोघांनाही त्यांच्याबद्दल मनापासून आस्था होती. आस्था दोन्ही बाजूंना होती, म्हणूनच ती निर्णयाचा आधार ठरू शकत नव्हती. शेवटी प्रश्न असा उरला की अरुणा यांच्या अधिक जवळचे कोण. आणि जवळिकीच्या कसोटीवर परिचारिका निर्विवादपणे पुढे होत्या.

ही कसोटी न्यायालयाने चुकीची लावली, असे मी म्हणणार नाही. हाती असलेल्या सामग्रीत तीच सर्वांत प्रामाणिक होती. पण ती कसोटी सेवा करणाऱ्याची इच्छा मोजते. जिची सेवा होते आहे, तिची इच्छा त्यातून कळत नाही. ज्याने एखाद्याला सदतीस वर्षे हाताने भरवले आहे, त्याला ‘आता भरवणे थांबवा’ असे म्हणवणारच नाही, आणि तसे म्हणण्याचे ओझे त्याच्यावर टाकणेही क्रूरपणाचे आहे. लिव्हिंग विलचा पहिला उद्देश येथे दिसतो: रुग्णाची स्वतःची साक्ष त्या खोलीत हजर ठेवणे. दुसरा उद्देश त्याला लागूनच आहे: जवळच्या माणसांना ‘आपण निर्णय घेतला’ या जन्मभराच्या टोचणीतून सोडवणे, कारण त्यांना निर्णय घ्यायचा नसतो, आधीच झालेला निर्णय फक्त पोचवायचा असतो.

आपल्याकडे या कागदाला सर्रास ‘इच्छामरणाचा अर्ज’ म्हटले जाते. मला हा शब्दप्रयोग घातक वाटतो. इच्छामरण म्हटले की भीष्म आठवतात, आणि मरण मागून घेण्याची कल्पना मनात उभी राहते. लिव्हिंग विलमध्ये मरण मागितलेले नसते. अमुक अवस्थेत व्हेंटिलेटर लावू नका, डायलिसिस करू नका, हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नका, असे त्यात लिहिता येते. वेदना कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवा, असेही लिहिता येते. ‘शक्य ते सारे करा, मला जगायचे आहे’ असे लिहिणाऱ्याचे पत्रही तितकेच त्याचे स्वतःचे असते. मृत्युपत्राशी होणारी गल्लतही अशीच आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते आणि मालमत्तेबद्दल बोलते. हे पत्र माणूस जिवंत असतानाच लागू होते आणि केवळ त्याच्या देहावरील उपचारांबद्दल बोलते.

अरुणा यांच्यानंतर बदललेला कायदा

1973 मध्ये अरुणा शानबाग यांनी असे काही लिहून ठेवायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लिव्हिंग विलची कल्पना शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी नुकतीच, 1960 च्या दशकाच्या अखेरीस, मांडलेली होती, आणि तिला कायद्याचे रूप देणारे अमेरिकेतील पहिले राज्य कॅलिफोर्निया, तेही 1976 मध्ये. भारतात या विषयाची चर्चाही सुरू झालेली नव्हती.

आपल्याकडे ‘कॉमन कॉज’ या संस्थेने 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2011 च्या निकालातील काही विसंगतींमुळे 2014 मध्ये ती घटनापीठाकडे गेली, आणि 9 मार्च 2018 रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, सन्मानाने मरण येण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगून लिव्हिंग विलला मान्यता दिली. अधिकार मिळाला, पण वाट काटेरी होती. पत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. अंमलबजावणीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्याने वैद्यकीय मंडळ नेमायचे आणि पुढे दंडाधिकाऱ्याने रुग्णालयात जाऊन खात्री करायची, असा क्रम होता. अतिदक्षता विभागात दिवस मोजत असलेल्या रुग्णासाठी एवढ्या दारांवर कोण जाणार? इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने हीच अडचण न्यायालयासमोर मांडली, आणि 24 जानेवारी 2023 रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने प्रक्रिया बरीच सुटसुटीत केली.

आता पत्र लिहिणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर सही करायची, शक्यतो हे साक्षीदार स्वतंत्र असावेत, आणि ते पत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घ्यायचे. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा या पत्राला धरून उपचार नाकारण्यास संमती देणाऱ्या पालकांची (गार्डियनची) किंवा जवळच्या नातेवाइकांची नावे त्यात लिहायची. एकाहून अधिक नावे देता येतात. पत्राची प्रत या व्यक्तींना आणि कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यायची, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही ती जमा ठेवायची. विचारशक्ती शाबूत आहे तोवर हे पत्र केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येते.

प्रत्यक्ष अंमलबजावणी डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या सहमतीनेच होते. रुग्णालयाच्या प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. या मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. दोघांचे मत जुळले की निर्णय अमलात आणण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याला कळवायचे. परवानगीसाठी थांबावे लागत नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार उघडे असते. पत्र हाती आले म्हणून कोणी एकटा डॉक्टर यंत्र बंद करत नाही. वारसांच्या लोभाची किंवा घाईची धास्ती बोलून दाखवणाऱ्यांना हे सांगावे लागते, आणि ती धास्ती निराधार नसल्यामुळेच दोन मंडळांची ही तरतूद मला योग्य वाटते.

पत्र असते तर

प्रकरणाचा खरा अभ्यास येथे सुरू होतो. अरुणा शानबाग यांचे लिव्हिंग विल होते आणि आजचा कायदा तेव्हा लागू होता, अशी कल्पना केली तर काय बदलले असते? चटकन मनात येणारे उत्तर ‘सगळे’ असे आहे. ते बरोबर नाही.

हल्ल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत बहुधा काहीच बदलले नसते, आणि बदलू नये. पंचवीस वर्षांच्या, अचानक जखमी झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत सुधारणेची शक्यता किती आहे हे कळेपर्यंत डॉक्टरांनी झटायलाच हवे. कायद्याप्रमाणेही पत्र तेव्हाच पुढे येते, जेव्हा आजार बरा होण्यापलीकडचा आहे आणि उपचारांनी केवळ काळ लांबतो आहे, असे तज्ज्ञांना खात्रीने वाटते.

त्यानंतरची साडेतीन दशके हा सर्वांत अवघड भाग आहे. 2010 च्या सप्टेंबरपर्यंत अरुणा मुख्यतः तोंडाने अन्न घेत होत्या. व्हेंटिलेटर नव्हता, बंद करायला कोणतेही यंत्र नव्हते. परिचारिका घास भरवत होत्या आणि त्या गिळत होत्या. लिव्हिंग विलने नाकारता येतात ते वैद्यकीय उपचार. चमच्याने भरवलेला घास हा उपचार नाही, ती शुश्रूषा आहे, आणि ती थांबवा असे कोणाही परिचारिकेला सांगता येईल असे मला वाटत नाही. म्हणजे नेमके पत्र असते, तरी हा सर्वांत दीर्घ काळ बहुधा जसा गेला तसाच गेला असता. लिव्हिंग विलच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही मर्यादा आधी मान्य करावी. मी स्वतः त्यांच्यातला आहे म्हणून हे म्हणतो. प्रत्येक दीर्घ दुःख या कागदाने टळत नाही.

सप्टेंबर 2010 मध्ये तापाचे आजारपण आले, तोंडाने खाणे कमी झाले आणि नाकातून नळी घालावी लागली. येथे चित्र पालटते. नाकातून जठरात जाणारी नळी डॉक्टरांच्या निर्णयाने बसते, तिची देखभाल वैद्यकीय असते, आणि नळीवाटे दिलेले पोषण हा उपचार आहे असे मानण्यास भक्कम आधार आहे. ‘जाणीव परत येण्याची आशा उरली नसेल तर मला नळीने अन्न देऊ नये’ असे एक वाक्य अरुणा यांच्या सहीने कोठे असते, तर त्या दिवशी वॉर्डात वेगळी चर्चा झाली असती. आणि ‘नळी घाला, मला जगवा’ असे वाक्य असते, तर 2011 मध्ये न्यायालयापुढील वादाला निर्विवाद उत्तर मिळाले असते. दोन्हींपैकी कोणतेही वाक्य चालले असते. फक्त ते त्यांचे हवे होते.

म्हणून लिव्हिंग विल लिहिताना मोघम भाषा सर्वांत जास्त नडते. ‘मला यंत्रांवर ठेवू नका’, ‘मला हाल नकोत’ अशी वाक्ये मनापासून लिहिलेली असतात, पण नळी हे यंत्र आहे का, प्रतिजैविक औषध नको आहे का, चार दिवसांचा व्हेंटिलेटर चालेल आणि महिनाभराचा चालणार नाही, असे म्हणायचे आहे का, हे त्यातून कळत नाही. पत्र संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ ते अमलात आणत नाही. मग पत्रच नसल्यासारखी प्रक्रिया सुरू होते आणि निर्णय पुन्हा इतरांकडे जातो. त्यामुळे अवस्था आणि उपचार यांची जोडी लावून लिहावे: अमुक अवस्था आल्यास अमुक उपचार नको, अमुक चालेल. ही भाषा साधण्यासाठी वकिलाआधी ओळखीच्या डॉक्टरांशी तासभर बोलणे अधिक उपयोगी पडते. आणि ज्यांची नावे पत्रात घालायची, त्यांच्याशी तर त्याहून अधिक बोलावे. त्यांना कागद दाखवणे पुरेसे नसते. ‘मी ओळखेनासा झालो तर’ हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारावे लागते, आणि त्यांना रडू आले तर थोडे थांबून ते पुन्हा उच्चारावे लागते. नाव देताना सर्वांत प्रेमळ माणसाचा विचार आधी होतो. मला वाटते, दुःख होत असतानाही आपले म्हणणे जसेच्या तसे डॉक्टरांना सांगू शकेल, असा माणूस निवडावा. केईएमच्या परिचारिकांच्या मायेबद्दल कोणालाच शंका नव्हती, आणि तरीही त्या अरुणा यांचा निरोप पोचवू शकत नव्हत्या, कारण निरोपच नव्हता.

शेवटचा प्रसंग मे 2015 चा. अरुणा शानबाग यांना न्यूमोनिया झाला, त्यांना अतिदक्षता विभागात हलवले आणि व्हेंटिलेटर लावण्यात आला. आता या प्रकरणात ते यंत्र आले, ज्याच्याबद्दल बोलताना आपण सगळे लिव्हिंग विलचा विषय काढतो. सहासष्ट वर्षांच्या, चार दशके जाणिवेबाहेर असलेल्या रुग्णाला हे यंत्र लावावे की नाही, या प्रश्नावर डॉक्टरांना विचारण्यासारखे एकही पान नव्हते. डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते तेवढेच केले गेले: श्वास चालू ठेवण्याचा प्रयत्न. काही दिवसांनी, 18 मे रोजी सकाळी, तो थांबला. घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, तेव्हा वॉर्ड क्रमांक 4 शेजारची ती खोली रिकामी होऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती.